हात वर केल्यावर

"हात वर कर. आणखी वर. फळीवरचा डबा काढतेयस असं समज."

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका डिझाइन संस्थेत पदव्युत्तर वर्गाचा तास चालू होता. मधोमध एक विद्यार्थिनी मांजरपाटाची कच्ची, बिनरंगी चोळी घालून उभी. चोळी तिच्याच वर्गमैत्रिणीनं कापून शिवलेली. हात खाली असताना ती अंगावर इतकी नेटकी बसली होती की मला वाटलं, काम झालं. तिनं हात वर केला आणि चोळीची ती सबंध बाजू कमरेपासून वर सरकली, गळा वाकडा झाला, पाठीवर आडवी चुणी पडली. शिकवणाऱ्या मॅडम जवळ गेल्या, बगलेखाली दोन बोटं घातली आणि म्हणाल्या, "मुंढा खाली गेलाय. बाई हात खाली घेऊन दिवसभर उभी राहणार आहे का?"

"बाई आणि तिचं वस्त्र या विषयावर लिहा, पण साड्यांच्या आठवणी नकोत," असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की जिथं बाईचे कपडे हा पदवीनंतरच्या अभ्यासाचा विषय आहे तिथं जाऊन बसायचं. रॅम्प आणि झगमगाट सगळ्यांनीच पाहिलेला आहे. दोन वर्षं नेमकं काय शिकतात, हे मला बघायचं होतं.

मांजरपाट

या स्टुडिओत भारी कापड दिसत नाही. लांब टेबलं, खडू, वक्र पट्ट्या, टाचण्यांची पिनकुशनं आणि सगळीकडे मांजरपाट. मुली त्याला ‘मसलिन’ म्हणतात आणि त्यातून शिवलेल्या कच्च्या नमुन्याला ‘टॉइल’. रंग नसतो, झालर नसते, त्यामुळे चूक लपवायला जागा राहत नाही. एका कपड्याचे तीन, चार, कधी त्याहून जास्त टॉइल होतात. प्रत्येकावर पेन्सिलीनं खुणा करायच्या, शिवण उसवायची, तुकडे पुन्हा सपाट करून कागदी खाका दुरुस्त करायचा आणि पुन्हा कापायचं.

मुंढ्याची भानगड मला तिथंच उलगडली. बाहीजवळचं भोक मोठं, म्हणजे हात मोकळा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उलट घडतं. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाच्या बाजूला खाली जोडलेली. हात उचलला की ती अख्खी बाजू ओढूनच वर नेते. मुंढा बगलेच्या जवळ, वर घेतला तर हात आपल्या जागेवरून हलतो आणि अंगातला कपडा जागचा हलत नाही. पण मग बाहीच्या वरच्या गोलाईचा प्रश्न येतो. ती गोलाई उंच ठेवली तर हात खाली असताना बाही सुबक लोंबते, मात्र हात उचलताना अडते. ती बुटकी आणि रुंद केली तर हात मोकळा होतो, पण खाली घेतल्यावर बगलेत चुण्या गोळा होतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कुठली बाई, तिचं काम काय, ती हात किती वेळा उचलते हे ठरवल्याशिवाय बाहीची गोलाई ठरवता येत नाही.

आपल्या जुन्या शिंप्यांनी यावर उत्तर काढलेलं होतं. अंगरख्याच्या बगलेत चौकोनी तुकडा बसवायचे, चौबगला. हात उचलला की तो तुकडा पसरतो, खाली घेतला की घडी होऊन आत जातो. जुन्या भारतीय कपड्यांचे बरेचसे तुकडे चौकोन, आयत आणि त्रिकोण असत, म्हणून कापडही वाया जात नसे. ही युक्ती या वर्गात दुसऱ्या सत्रात येते. मला वाटतं, ती पहिल्या दिवशी यायला हवी.

उरेब कापलेलं कापड कसं वागतं हेही हातानंच शिकावं लागतं. उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकं कापलेलं कापड ताणतं, लोंबतं, अंगाच्या वळणाला धरून राहतं. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात याच तिरक्या कापणीवर आपलं नाव केलं. त्या लहान लाकडी बाहुलीवर कापड लावून बघत. आपल्याकडचा कुठलाही चांगला लेडीज टेलर गळ्याची पट्टी उरेबच का काढतो, हे विचारलं तर तो दोन शब्दांत सांगेल. या वर्गात तेच दोन शब्द आठवडाभर तपासले जातात. वजनदार कापड असेल तर? रात्रभर टांगून ठेवलं तर घेर कुठं उतरतो? कापून टाकल्यावर लगेच शिवलं तर काय होतं?

कुणाचं माप

वर्गाच्या एका भिंतीशी ड्रेस फॉर्म रांगेत उभे असतात. डोकं नाही, हात नाहीत, खांदे ताठ, पोट सपाट. मुली त्यांना ‘डमी’ म्हणतात. बहुतेक डमी आणि त्यांच्यासोबत शिकवली जाणारी पुस्तकं युरोप-अमेरिकेच्या मापांवरून आलेली. विनिफ्रेड ऑल्ड्रिच यांचं मेट्रिक पद्धतीच्या कापणीचं पुस्तक आणि हेलन जोसेफ-आर्मस्ट्राँग यांचं जाडजूड पॅटर्नमेकिंग ही या क्षेत्रातली पाठ्यपुस्तकं. दोन्ही उत्तम आहेत. पण ती ज्या अंगाला गृहीत धरतात, ते अंग कुठून आलं?

रेडीमेड कपड्यांच्या प्रमाण मापांचा एक मोठा उगम अमेरिकेत आहे. १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्यानं सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं त्या हिशेबात धरली गेली नाहीत. पुढे १९५८ मध्ये तिथं जे व्यापारी प्रमाण ठरलं, त्याच्यामागे हीच आकडेवारी होती. मापांचे तक्ते नंतर अनेकदा बदलले, पण एक प्रमाण अंग घ्यायचं आणि तेच सगळीकडे थोडं थोडं वाढवत न्यायचं ही सवय राहिली.

वाढवण्याच्या या कामाला ‘ग्रेडिंग’ म्हणतात. मीडियमचा खाका घेऊन लार्ज करायचा तर छाती, कंबर, नितंब ठरावीक अंतरानं वाढवायचे, सोबत खांदाही थोडा. अंग मात्र असं समान वाढत नाही. बाळंतपणानंतर पोट वाढतं, दंड भरतात, खांद्याची हाडं आहेत तेवढीच राहतात. म्हणून एक्सएल कुर्ता दंडात घट्ट आणि खांद्यावरून घसरणारा असा एकाच वेळी असतो. ट्रायल रूममधून बाहेर येणारी बाई स्वतःच्या अंगाला दोष देते. तो दोष खाक्याचा असतो. या वर्गात बसल्यावर मला हे इतकं स्पष्ट दिसलं की आजवर ट्रायल रूममध्ये हिरमुसलेल्या ओळखीच्या सगळ्या जणींना ते सांगावंसं वाटलं.

भारतीय अंगांची स्वतःची मापं हवीत, हे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, ओळखलं. ‘इंडियासाइज’ या नावानं देशव्यापी मोजणी हाती घेतली गेली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरं. १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं. टेपऐवजी त्रिमिती स्कॅनर. माणूस खोलीत उभा राहतो आणि काही सेकंदांत त्याच्या अंगाची शंभराहून अधिक मापं संगणकात जातात. इतकं मोठं काम सरकारी संस्थेनं केलं याचं मला मोल वाटतं. पण स्कॅनर मोजतो ते उभं अंग. वाकलेलं, उकिडवं बसलेलं, कडेवर मूल घेतलेलं अंग कुणीतरी अजून मोजायचं आहे आणि ते काम प्रबंध लिहिणाऱ्या मुलींचं आहे.

दादरच्या गल्लीत दुसरीच शाळा चालते. के. आर. झारापकरांची कापण्याची पद्धत शिकून महाराष्ट्रात कितीतरी बायांनी घरात मशीन टाकलं आणि संसार चालवला. तिथं प्रमाण अंग नसतं. समोर गिऱ्हाईक असतं. ब्लाउज शिवणारी बाई छातीचं माप घेता घेता खांद्यांचा उतार डोळ्यानं टिपते, एक खांदा खाली असेल तर वहीत खूण करते, "मागं जरा वाकता ना?" असं हळूच विचारते आणि टक्स त्याप्रमाणे हलवते. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर जादा कापड कुठंतरी चिमटीत धरावं लागतं. ती चिमटी म्हणजे टक्स. ती खांद्याकडून घ्या, बगलेतून घ्या, कमरेतून घ्या. तिचं टोक छातीच्या उंचवट्याकडे वळलेलं राहिलं की झालं. कटोरी ब्लाउज आणि प्रिन्सेस कट ही याच चिमटीची दोन रूपं, फक्त चिमटीच्या जागी शिवण आली. पदव्युत्तर वर्ग याला ‘डार्ट मॅनिप्युलेशन’ म्हणतो आणि त्यावर सबंध पेपर असतो. ब्लाउजवाल्या बाईंना त्या वर्गात सन्मानानं बोलावून एक सत्र द्यावं, असं मला मनापासून वाटतं. काही संस्था असं करतात. बऱ्याच करत नाहीत.

लंडनचा वर्ग

या शिक्षणाचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कॉलेजचा एम.ए. फॅशन. स्त्रियांचे कपडे, पुरुषांचे कपडे, विणकाम, छपाई अशा वाटा तिथं वेगळ्या असतात आणि शेवटचं सादरीकरण थेट लंडन फॅशन वीकमध्ये होतं. १९९२ पासून २०१४ मध्ये निधन होईपर्यंत लुईझ विल्सन यांनी तो वर्ग चालवला. त्यांचा धाक प्रसिद्ध होता. ख्रिस्तोफर केन, मेरी कात्रांझू, सिमोन रोशा ही त्यांच्या वर्गातून गेलेली नावं. विद्यार्थ्यानं आधी काय केलं ते बाजूला ठेवून त्याचं स्वतःचं असं काय आहे ते बाहेर काढायचं, हा त्यांचा आग्रह असे.

डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन मात्र त्यांच्या आधीच्या प्रमुख बॉबी हिल्सन यांनी निवडलेला. त्याची गोष्ट मला या विषयात सगळ्यात बोलकी वाटते. तो टॅक्सीवाल्याचा मुलगा. शाळा सोडून सॅव्हिल रो या पुरुषांच्या सुटांच्या गल्लीत उमेदवारी केलेला. कॉलेजात तो कापणी शिकवण्याची नोकरी मागायला गेला होता. हिल्सन यांनी त्याचं काम पाहून त्याला नोकरीऐवजी एम.ए.ला प्रवेश दिला. फीचे पैसे कुटुंबातल्या एका ज्येष्ठ स्त्रीनं दिले. १९९२ मध्ये त्यानं अखेरचा संग्रह मांडला आणि फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी तो अख्खा ५,००० पौंडांना, हप्त्याहप्त्यानं पैसे देत, विकत घेतला. हात तयार होताच. एम.ए.नं त्या हाताला विषय दिला.

आपल्याकडे डिझायनर राहुल मिश्रा यांचा प्रवास थोडा तसाच. भौतिकशास्त्रातली पदवी घेऊन ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, वस्त्ररचना शिकायला गेले. २००६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये केरळच्या हातमागाच्या कापडाचे, उलटसुलट दोन्ही बाजूंनी घालता येणारे कपडे घेऊन उतरले. २०१४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी कपड्यांकडे आला याचं नवल वाटायला नको. निफ्टच्या एम.डेस.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. मी पाहिलेल्या वर्गात एक वास्तुविशारद होती, एक फिजिओथेरपिस्ट होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीला खांद्याचा सांधा कसा फिरतो हे ठाऊक होतं आणि तिचे मुंढे सगळ्यांत आधी जमले.

पदवी नव्हती तेव्हा

वेशभूषाकार भानू अथैया यांना फॅशनची पदवी मिळालेली नव्हती, कारण तेव्हा ती आपल्याकडे मिळतच नव्हती. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली आणि बायकांच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढू लागली. चित्रातले कपडे शिवून मिळतील का, अशी मागणी पुढे आली, तिथून सिनेमा आला आणि १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. मला मात्र त्यांची ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची साडी आठवते. १९६८ चा सिनेमा. नाचताना निऱ्या सुटणार हे उघड, म्हणून साडीच्या चुण्या आधीच बसवून ती अंगासरशी शिवून टाकली. नटी पाय कसा उचलणार हे बघून घेतलेला तो निर्णय आहे.

आज शिवलेल्या नऊवारीच्या दुकानांतून हाच प्रश्न घराघरांत आलेला दिसतो. नऊवारी नेसायला येत नाही, वेळ नाही, म्हणून पायजम्यासारखी पायात चढवायची तयार नऊवारी. तिच्यात एक अडचण आहे. नेसलेला काष्टा मांडी घालताना सैल होतो, उभं राहताना पुन्हा आवळता येतो. बाई दिवसभर नकळत तो जुळवत असते. शिवलेला काष्टा एकाच मापावर थिजतो. त्यामुळे तो उभं राहून फोटोत छान दिसतो आणि पंगतीला बसलं की मांडीत ओढतो. बैठकीत कापड किती लागतं आणि उभ्यानं किती, यातला फरक खाक्यात कुठं साठवायचा? हा उत्तम प्रबंधाचा विषय आहे आणि तो महाराष्ट्रातच व्हायला हवा.

त्यासाठी लागणारी जागाही इथंच आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं आणि त्याला १५ लाखांची देणगी दिली ती सर विठ्ठलदास ठाकरसी या कापडगिरणी मालकानं. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. गिरणीच्या पैशातून वाढलेल्या या विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात आज वस्त्रशास्त्र पदव्युत्तर पातळीवर शिकवलं जातं. निफ्ट दिल्लीत १९८६ मध्ये आणि मुंबईत १९९५ मध्ये सुरू झाली. २००६ च्या कायद्यानं तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तोवर मुली पदविका घेऊन बाहेर पडत.

नवऱ्याचा शर्ट

अंतिम सत्रात प्रत्येकीला स्वतःचा विषय घ्यावा लागतो. भिंतींवर विषयांचे तक्ते लागले होते. गुळेदगुड्डचा खण, जुन्या पैठणीचे काठ, गोधडी. सगळे देखणे. एका तक्त्यावर मात्र कापसाच्या शेतातल्या बायांचे फोटो होते आणि प्रत्येकीच्या साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट.

हे आपण इतक्यांदा पाहिलेलं आहे की ते दिसेनासं झालंय. ऊसतोडीला, निंदणीला, वेचणीला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट चढवते. उन्हासाठी, पानांच्या धारेसाठी, धुळीसाठी, साडी फाटू नये म्हणून. महाराष्ट्रातल्या लाखो स्त्रियांचा हा कामाचा गणवेश आहे आणि तो त्यांच्यासाठी कुणीही कापलेला नाही.

विद्यार्थिनी यवतमाळ जिल्ह्यातली. आई आणि काकू वेचणीला जातात. तिनं गावात जाऊन शर्ट घातलेल्या बायांच्या कामाचे व्हिडिओ काढले, ते थांबवून थांबवून पाहिले आणि त्रासाच्या जागा लिहून काढल्या. पुरुषी शर्ट खांद्याला रुंद, म्हणून शिवण दंडावर उतरते आणि मुंढा कोपराकडे जातो. आत ब्लाउजचा मुंढा घट्ट, बाहेर शर्टचा सैल. हात पुढे गेला की दोन्ही दोन दिशांना ओढतात. खाली शर्ट सरळ कापलेला आणि आत निऱ्यांचा, खोचलेल्या पदराचा फुगवटा, म्हणून शेवटची बटणं लागतच नाहीत. कमरेला कापसाची झोळी बांधली की शर्ट तिच्याखाली अडकतो. खिसा छातीवर डावीकडे, बाईला तो वापरायचा संकोच, म्हणून मोबाइल आणि तंबाखूची पुडी ब्लाउजातच.

तिनं सुरुवातीला नवा कपडा शिवला. चांगला होता, मी पाहिला. वर घेतलेला मुंढा, मागे झडप, कमरेला खिसे. गावात घेऊन गेली तेव्हा बायांनी घालून पाहिला, कौतुक केलं आणि काकूनं विचारलं, "केवढ्याचा पडल हा?" नवऱ्याचा शर्ट फुकट असतो. फुकटाशी कुठलाही नवा कपडा स्पर्धा करू शकत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या एका प्रश्नानं तिची आधीची सगळी मेहनत पुसली गेली आणि खरा विषय सापडला.

आता ती नवा कपडा करत नाही. जुना शर्टच कसा बदलायचा, त्याचा खाका करतेय. बाईला शर्ट लांबीला जास्त होतो, तर खालून पट्टी कापून घ्यायची. त्या कापडातून दोन चौबगले काढायचे, बगलेची शिवण उसवून बसवायचे. बाजूच्या शिवणी खालून वीतभर उघडून दुमडायच्या, म्हणजे निऱ्यांना जागा. छातीवरचा खिसा उसवून उघडलेल्या चिरेच्या वर, कमरेशी लावायचा. विकत आणायचं काहीच नाही, फक्त दोरा. आणि तालुक्याचा कुठलाही शिंपी टेप आणि खडूनं करू शकेल अशी खूण-पद्धत. वेगवेगळ्या मापांच्या शर्टांना एकच युक्ती लागू पडली पाहिजे, ही यातली अवघड गोष्ट. शर्टचा आकार ठरलेला नाही, बाईचाही नाही, म्हणून सेंटिमीटरऐवजी बाईच्याच हाताच्या विती आणि बोटांत ती मापं बसवते आहे.

संस्थेत यावर वाद झाला. अंतिम सादरीकरणात संग्रह दाखवायचा असतो, मॉडेल चालवायच्या असतात. दुरुस्त केलेले जुने शर्ट हा संग्रह कसा, असं एका परीक्षकांनी विचारलं. प्रश्न गैर नाही. संग्रह बांधणं, त्यात सूर धरणं हेही शिकावंच लागतं. पण माझं मत मी स्पष्ट सांगते. स्त्रियांच्या कपड्यांच्या उच्च शिक्षणाला समाजानं जागा, पैसा आणि पदवी दिली आहे ती याच कामासाठी. लग्नाचा लेहेंगा बाजार स्वतःच्या बळावर करून घेतो. वेचणीचा शर्ट बाजार कधीही करणार नाही, कारण त्याला गिऱ्हाईक नाही, गरज आहे.

शिकून झाल्यावर बहुतेक मुली निर्यातीच्या कारखान्यांत, रेडीमेड ब्रँडच्या डिझाइन विभागात, सिनेमा-मालिकांच्या वेशभूषेत किंवा शिकवायला जातात. फिट तपासणारी माणसं उद्योगाला सतत हवी असतात. ज्या मुलीला टॉइल बघून बिघाड नेमका कुठं आहे ते सांगता येतं, तिला काम मिळतं. शर्टवाली मुलगीही अशाच नोकरीचा अर्ज भरतेय. गावातल्या शिंप्याला मात्र तिनं आधीच गाठलंय. तो पहिल्यांदा हसला, मग त्यानं चौबगला बसवताना कोपऱ्यात दोनदा शिवण मारायला सांगितलं, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. ती सूचना प्रबंधात त्याच्या नावानिशी जाणार आहे.

दिवाळीनंतर वेचणीला जोर येतो. तेव्हा ती बदललेले शर्ट गावातल्या बायांकडे महिनाभर वापरायला ठेवणार आहे. दगडावर आपटून धुतल्यावर कुठली शिवण आधी उसवते, घाम सुकल्यावर चौबगला कडक होऊन बगलेत टोचतो का, कमरेच्या खिशात प्रत्यक्षात काय ठेवलं जातं, हे लिहून घ्यायला तिनं काकूच्या शाळकरी मुलीला वही दिली आहे. त्या नोंदी हाती आल्या की जानेवारीत पुढचा खाका.